सोलबाईची चाल

पावणेदोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी सकाळी देवपूजा आटोपून मी गच्चीवर टाकीचा बॉलकॉक बदलायला गेलो. जुना काढून हातात धरला होता आणि पाणी टाकीत पडत होते. पलीकडे आमच्या भाडेकरू सृष्टीताई दोरीवर कपडे वाळत घालत होत्या आणि त्यांच्या छोट्या स्पीकरवर कोणतेतरी इंग्रजी गाणे लागले होते. ते ऐकले आणि मी नवा बॉलकॉक बसवायचा विसरलो. टाकी वाहिली, पाणी जिन्याने खाली गेले, तेव्हा माझ्या पत्नीने खालून विचारले, "वर कोन बुडालं का काय?"

हा कागद खरे तर तिथून सुरू होतो. पण वकील म्हणाले, आधी आपण कोण आणि डोके ठिकाणावर आहे का, ते लिहा. तर लिहितो.

मी, वाल्मीक साहेबराव मांडेकर, वय वर्षे एकोणपन्नास, धंदा प्लंबिंग व खोल्या भाड्याने देणे, राहणार चांदे, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या अक्षरात लिहीत आहे. शिक्षण गावच्या शाळेत दहावीपर्यंत. शिमग्याच्या सुमारास हिंजवडीत एका इमारतीत काम करताना शिडीवरून पडलो. दोन बरगड्या मोडल्या, डोक्याला लागले नाही. तसे डॉक्टरांनी लिहून दिले आहे व तो कागद सोबत जोडला आहे. पडल्यापासून उठेपर्यंत जो वेळ गेला त्यात मला कळले की काही गोष्टी मी कोणाला सांगितलेल्याच नाहीत. म्हणून हे लिहिणे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट इतक्या लवकर असले काही लिहू नये, असेच घरातल्या सगळ्यांचे मत आहे. ग्रामदैवताला स्मरून, समजून उमजून लिहितो.

एक. राहते घर आणि त्यावरच्या भाड्याच्या खोल्या माझ्या पश्चात माझी पत्नी रेश्मा हिच्याकडे तिच्या हयातीपर्यंत राहतील, नंतर आमची एकुलती मुलगी सायली हिच्याकडे पूर्ण मालकीहक्काने जातील. माझी आई रत्नाबाई हिला देवघराशेजारच्या खोलीतून कोणीही, कोणत्याही कारणाने हलवू नये. तिच्या खिडकीसमोर गाडी लावू नये, तिला रस्ता दिसायला हवा.

आमच्या जमिनीचा रस्त्याकडेचा तुकडा विकू नये असे मी लिहिणार नाही. मारुंजीपर्यंत सगळे बदलले, आम्ही तेवढे कसे राहू? विकावासा वाटला तर सायलीने विकावा, फक्त रडत विकू नये.

दोन. बँकेतल्या ठेवींतून आधी आईचे औषधपाणी, मग उरेल ते रेश्माचे. याबद्दल जास्त लिहिण्यासारखे काही नाही.

तीन. माझी हत्यारे. पाइप पान्हे, डाय सेट, दोन्ही शिड्या (पडलो ती सुद्धा, तिचा दोष नव्हता) सायलीला. ती हसेल, पण नळ गळायला लागला की दुसऱ्याची वाट बघत बसणारी मुलगी मी वाढवलेली नाही. ड्रिल मशीन चुलतभाऊ शंभू याने चार दिवसांसाठी नेले त्याला सहा वर्षे झाली. ते आता शंभूलाच देतो. निदान त्याच्या घरातली एक वस्तू तरी त्याची रीतसर होईल.

चार. वडिलांची भजनाची वही. काळ्या पुठ्ठ्याची, शिवण उसवलेली, तेलकट. या वहीने आमच्या घरात जे केले ते लिहिल्याशिवाय ती कोणाला देता येत नाही.

भजनाच्या वहीत प्रत्येक अभंगाच्या वर, डाव्या कोपऱ्यात, चाल कोणाची ते लिहायची पद्धत असते. अमक्या बुवांची, तमक्या गावची. दुसऱ्याची चाल नाव न लिहिता म्हणणे ही आमच्याकडे चोरी समजतात.

माझे वडील साहेबराव धरणाच्या काठावर पुण्याच्या एका साहेबांच्या बंगल्यात माळी होते. आठवडाभर तिकडे, शनिवारी एसटीने घरी. साहेब म्हातारे आणि एकटे. संध्याकाळी ओट्यावर तबकड्या लावून बसायचे. तिथून वडील एक चाल घेऊन आले. ती त्यांनी संथ केली, भजनी ठेक्यात बसवली आणि तिच्यात आत्म्यावरचा एक अभंग घातला. शेवटच्या चरणाला सूर वर जायचा आणि तिथेच थांबायचा. सगळ्यांना वाटायचे, आता उतरेल. तो उतरायचा नाही. टाळकरी श्वास धरून बसायचे. गावात तसे काही कोणी ऐकले नव्हते.

एक्क्याण्णव साली एका एकादशीला वडील तापाने घरी होते. मंडळाने वही मागवून घेतली. आमचे पेटीवाले हैबतराव ओझरकर यांनी ती उघडली. माणूस सुराचा पक्का, वाचायला कच्चा. त्यांनी कोपऱ्यातले अक्षर भर देवळात मोठ्याने वाचले, "चाल… सालूबाई." मग पेटीचा भाता सोडून म्हणाले, "कोन रं ही साळूबाई? म्हनूनच साहेबराव शनवारच्या शनवार एवढा ताजा हुन येतोय व्हय."

पुरुष हसले. बायका पलीकडे बसल्या होत्या, त्यांत आई होती. मी पंधरा वर्षांचा होतो, टाळ घेऊन बसलो होतो.

आईने घरी येऊन विचारले, "साळूबाई कोन?"

वडील अंथरुणातून म्हणाले, "बाई न्हाई गं ती. तबकडी हाय, साहेबाची."

"तबकडीला बाईचं नाव आसतंय?"

"आनून दावतो तुला."

ते दाखवू शकले नाहीत. साहेब त्याच पंधरवड्यात वारले आणि मुलांनी बंगल्यातले सामान पुण्याला नेले. देवळात खरे सांगावे, तर इंग्रजी चाल म्हटली म्हणून चालच बंद झाली असती. वडिलांनी तोंड मिटले. गप्प बसलेला माणूस गुन्हेगार दिसतो. मलाही दिसला.

आई त्यानंतर वडिलांशी बोलायची, पण मीठ आहे का, पाणी आले का, एवढेच. कोणाच्या लग्नात साळूबाई नावाची बाई भेटली की आई तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळायची. मुळशी तालुक्यातल्या पाच-सहा साळूबाया तिने अशा तपासल्या असतील. बिचाऱ्यांना कळायचे नाही, लुगडे कुठे फाटले की काय.

नव्याण्णव साली वडील गेले. दहाव्याला भजनी मंडळ आले आणि हैबतरावांनी वडिलांचीच चाल धरली. मी हात वर केला आणि म्हणालो, "ही न्हाई. आई बसलीया हितं." पेटी थांबली. हैबतराव पेटी बंद करून उठून गेले. त्या दिवसापासून चांद्यात ती चाल कोणी म्हटली नाही, आणि हैबतराव आमच्या ओट्यावर चढले नाहीत. मीही बोलावले नाही. माझ्या हातून आयुष्यात घडलेले हे सर्वांत वाईट काम आहे, आणि ते मी चारचौघांत, न्याय करतोय अशा थाटात केले.

आता गच्चीवरचे लिहितो. त्या सकाळी स्पीकरवर जे लागले होते ते वेगळ्या भाषेत होते, ठेका जलद होता, मागे न ओळखता येणारी वाजंत्री होती. पण शेवटी सूर वर गेला आणि थांबला. उतरला नाही. मी ओल्या हाताने तसाच सृष्टीताईंकडे गेलो. त्या अकोल्याच्या, हिंजवडीतल्या कंपनीत कामाला.

"ताई, हे कोणाचं?"

"सॉरी काका, आवाज कमी करते."

"वाढवा."

त्यांनी माझ्याकडे बघितले आणि वाढवला. "जुनं आहे, साठ-पासष्ट सालचं, अमेरिकेतलं. बाबांकडे कॅसेट होती, ती गुंतून तुटली. इतकी वर्षं शोधत होते, परवा डाउनलोडला मिळालं."

"ह्या प्रकाराला काय म्हणतात?"

"सोल."

"काय?"

"सोल, काका. म्हणजे आत्मा. तिकडे चर्चमध्ये गाणारी माणसं ही. देवाचं गाता गाता असं गायला लागली."

"आणि हे गाणारं कोण?"

"बाई आहे कुणीतरी. एकच रेकॉर्ड निघाली म्हणतात. पुढे तिचं काय झालं कोणालाच माहीत नाही."

मी खाली आलो. रेश्मा जिन्यातले पाणी पुसत होती, तिला ओलांडून देवघरात गेलो आणि फडताळातून वही काढली. 'सो'वरची मात्रा समईच्या तेलाच्या डागात पुसट झाली होती, निरखल्याशिवाय दिसत नव्हती. मात्रा गेली की 'सा' उरतो. आणि 'ल'ची शेपटी खाली वळवायची वडिलांना सवय होती. वहीतला प्रत्येक 'ल' तसाच आहे, कोणीही पडताळावा. सोल. पुढे थोडी जागा सोडून, बाई. वडिलांनी नियम पाळला होता. ज्याची चाल त्याचे नाव लिहिले होते, त्यांना जेवढे कळले तेवढे.

ही वही माझ्या पश्चात भजनी मंडळाला द्यावी. तेलाचा डाग पुसायचा प्रयत्न करू नये. वडिलांची पेटीही मंडळालाच.

पाच. काळी हार्ड डिस्क, जी देवघराच्या फडताळात वहीशेजारी असते. डाउनलोड करायला सृष्टीताईंनी शिकवले. प्रत्येक गाणे विकत घेतलेले आहे. फुकट मिळते ते मी घेतले नाही, कारण कोपऱ्यात नाव लिहिण्याचाच तो एक प्रकार आहे. वकील म्हणाले, अशी गाणी वारसाला देता येतात की नाही यावर कायद्यात एकमत नाही. डिस्क तर माझी आहे. डिस्क सायलीला देतो, आत काय आहे ते तिचे ती बघेल. एक नक्कल मंडळाला द्यावी.

यात काय आहे ते सांगतो, म्हणजे कोणी खोडून लग्नाचे फोटो भरणार नाही. ती एक बाई शोधायला मी निघालो आणि वाटेत इतके लोक भेटले. नावे मला उच्चारता येत नाहीत, म्हणून मी फायलींना वहीसारखी नावे दिली आहेत: 'चाल रडक्या म्हाताऱ्याची', 'चाल रेल्वेवाल्याची', 'चाल तिघी बहिणींची'. ब्लूज म्हणून एक प्रकार आहे. त्यात माणूस एक ओळ म्हणतो, तीच पुन्हा म्हणतो, आणि तिसरीत स्वतःला उत्तर देतो. आई जात्यावर बसायची तेव्हा असेच करायची. काही नुसती पोराटोरांची, नाचायची गाणी आहेत. तीही ठेवली आहेत, देवाला हसणे चालते. ही माणसे टाळी उलटी देतात. आपण समेवर देतो, ती समेच्या पाठीमागे. मला ती टाळी जमायला चार महिने लागले. जमली त्या दिवशी मी एका सोसायटीच्या पंपरूममध्ये पाइपवर पान्ह्याने ठेका धरला होता आणि वॉचमन बघायला आला होता.

रोज सकाळी पूजेनंतर मी अर्धा तास हे ऐकतो. शब्द कळत नाहीत. पण मला हाक ओळखू येते. जुन्या तबकडीची खरखर डाउनलोडमध्येही तशीच येते. सृष्टीताई म्हणाल्या, "ती काढता येते, काका." मी म्हणालो, राहू द्या. वडिलांनी ऐकले तेव्हा ती होतीच.

सहा. माझ्या दहाव्याला भजनी मंडळाने सोलबाईची चाल म्हणावी. पूर्ण, शेवटच्या सुरापर्यंत. कोणी हात वर करून थांबवू नये.

सात. ~~माझ्या पश्चात सायलीने आजीला जवळ बसवून डिस्कमधले पहिले, सोलबाईचे गाणे ऐकवावे व कलम चार वाचून दाखवावे, म्हणजे तिच्या मनातला गैरसमज दूर होईल.~~

वरचे कलम मी तीन आठवड्यांपूर्वी लिहिले आणि आज रेघ मारून रद्द केले. रेघ कोणी मारली असा प्रश्न पुढे उठू नये म्हणून कारण लिहितो.

पावणेदोन वर्षे मी आईला काही सांगितले नव्हते. रोज वाटायचे, उद्या. पंच्याहत्तर वर्षांच्या बाईला कसे सांगायचे की तू ज्या रागावर निम्मे आयुष्य काढलेस त्या रागाला माणूसच नव्हता? आणि मी दहाव्याला केले ते सांगताना तिच्याकडे बघायचे कसे? कागदात लिहून ठेवणे सोपे होते. गेल्या गुरुवारी रेश्माने हा कच्चा मसुदा वाचला. सातव्या कलमाशी थांबली.

"तुमी मेल्यावर आत्याबाईंना सांगायचं?"

"व्हय."

"त्या पंच्याहत्तर, तुमी पन्नासला टेकलेले. तुमच्या आधी त्यांनी जायचं न्हाई, आसं तुमी त्यांच्याशी बोलून ठरवलंय का?"

मी कागद परत घ्यायला हात पुढे केला.

ती म्हणाली, "तुमच्या बापानं त्वांड मिटलं, तुमी बी मिटा. खानदानी हाय."

मी हे नोंदवून ठेवतो, कारण या कागदातला सर्वांत उपयोगी कायदेशीर सल्ला हाच होता.

आज सर्वपित्री अमावास्या. मी हैबतरावांना सकाळी सहीसाठी बोलावले. ते काठी टेकत आले आणि ओट्याच्या पायरीपाशी थांबले. मी म्हणालो, "या वर." सव्वीस वर्षांनी ते वर आले. आई आत पाने मांडत होती. वडिलांचे पान ती दर वर्षी मांडते, पण त्यात स्वतः वाढत नाही, रेश्माला सांगते. मी स्पीकर पाटावर ठेवला.

"आई, जरा बस. तुला एक ऐकवायचंय."

"कावळं वाट बघत्यात. मागनं."

"आत्ताच."

गाणे लागले. आई पळी हातात घेऊन उभी होती. तिसऱ्या ओळीला तिने पळी खाली ठेवली.

"ही तर त्यांचीच…"

"व्हय."

"कोन गातीया?"

"साळूबाई."

शिडीवरून पडल्यावर डॉक्टरांनी बघितले नसेल इतक्या बारकाईने आईने माझ्याकडे बघितले. तिला वाचता येत नाही, म्हणून मी वही हैबतरावांपुढे धरली आणि म्हणालो, "तुमीच वाचलं हुतं. आता परत वाचा."

त्यांनी खिशातून चष्मा काढला, धोतराला पुसला, लावला. "चाल. सा… न्हाई. सो. सोल." मग बराच वेळ बोट त्या अक्षरावरून हलले नाही. "सोल बाई."

मी सगळे सांगितले. साहेबांची तबकडी, तेलाचा डाग, शेपटीचा ल, आणि दहाव्याला मी वर केलेला हात.

हैबतराव आईकडे न बघता म्हणाले, "वैनी, तवा चष्मा न्हवता."

"चष्मा न्हवता तर त्वांड तरी कशाला हुतं?" आई म्हणाली.

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. आईने गाणे पुन्हा लावायला सांगितले. मग पुन्हा. तिसऱ्यांदा सूर वर जाऊन थांबला तेव्हा ती पाटाशेजारी खाली बसली.

"त्यांनी सांगितलं हुतं मला. तबकडी हाय म्हनलं हुतं. मीच…"

"मी बी, आई."

तिने पदराने तोंड पुसले. स्पीकरकडे बघत विचारले, "जिती हाय का ही?"

"ठाव न्हाई. नसंल आता. कवा गेली त्ये बी कुनाला म्हाईत न्हाई."

"म्हंजी तिथ म्हाईत न्हाई."

"न्हाई."

"मग आजच की. ज्यांची तिथ ठाव न्हाई त्यांच्यासाठीच आजचा दिस आसतो." आई गुडघ्यावर हात टेकून उठली. "रेश्मा, आजून एक पान मांड. त्यांच्या शेजारी नगं. जरा लांब."

वडिलांच्या पानात आज आईने स्वतः वाढले, खीर आधी. मग त्या दुसऱ्या पानात. हैबतराव कोणाला न विचारता आत गेले, वडिलांची पेटी घेऊन आले आणि त्यांनी ती चाल धरली. आवाज फाटला होता, सूर जागेवर होता. माझा हात वर गेला.

"वाल्मीक, हात खाली घे," आई म्हणाली.

"टाळ घेतोय, आई. खुंटीवरचा."

ती बरे म्हणाली आणि डोळे मिटून बसली. शेवटचा सूर वर गेला, थांबला, आणि आम्ही कोणी तो उतरवला नाही.

म्हणून कलम सात रद्द. ते काम माझ्या वारसांकडे राहिलेले नाही. आज सकाळी मी ते केले. बाकीची कलमे कायम आहेत.

सृष्टीताईंना या कागदात मी काही ठेवलेले नाही, कारण त्यांची सही हवी होती आणि ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील म्हणाले. त्यांनी जे दिले त्याची परतफेड या कागदातून होणारीही नव्हती.

ठिकाण: चांदे, ता. मुळशी, जि. पुणे
दिनांक: २१ सप्टेंबर २०२५, रविवार, भाद्रपद अमावास्या

लिहून देणार: वाल्मीक साहेबराव मांडेकर (सही)

लिहून देणाऱ्याने आमच्यासमोर सही केली व आम्ही त्याच्यासमोर केली:

साक्षीदार १: सृष्टी प्रभाकर वानखडे, मूळ राहणार अकोला, हल्ली चांदे (सही)

साक्षीदार २: हैबतराव बाबूराव ओझरकर, राहणार चांदे (सही). सगळा मजकूर स्वतः, चष्मा लावून, दोनदा वाचला.